डीलिया गॉनला सहा-अ नाकारलं, त्याची गोष्ट

पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या आमच्या इमारतीच्या भिंती हातभर जाड. महायुद्धाआधीचं बांधकाम, शेजारी भांडले तरी ऐकू येत नाही, असं आम्ही पाहुण्यांना ऐटीत सांगतो. साफ खोटं! स्वयंपाकघरांमागे हवेसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीतून सगळ्या मजल्यांची लफडी वर चढतात. त्याच पोकळीवर उघडणाऱ्या खिडकीशी डीलिया गॉन चौतीस वर्षं झोपली. मालकांना शेकोटी आणि मोठ्या खिडक्या, अन् मोलकरणीला पलंग टाकला की दार अडेल एवढी खोली. नकाशा काढणाऱ्याला कुणी शिव्या दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

डीलिया आयर्लंडहून पोरसवदा वयात आली, ती सहाव्या मजल्यावर, सहा-अ मधल्या मिसेस लोवेन्थाल यांच्याकडे कामाला. जीभ तिखट. माझा कुत्रा फिरवून आणला की म्हणायची, "मिस्टर पेल, तुमच्यापेक्षा याला वळण चांगलं आहे हो."

मिसेस लोवेन्थाल गेल्या. मृत्युपत्रात घर डीलियाच्या नावे निघालं, इमारतीला द्यायच्या महिन्याच्या खर्चाच्या सोयीसकट. इमारतीला जुलाब झाल्यासारखी कुजबुज लागली. आमच्याकडे घर मिळालं तरी राहायला रहिवाशांच्या कमिटीचा होकार लागतो; मीही तिच्यात आहे. मुलाखत होते. नकार दिला तर कारण सांगायचं नाही, हा आमचा लाडका नियम.

मुलाखत अध्यक्षीणबाई मिसेस ट्रास्क यांच्या जेवणघरात ठेवली. त्या सहा-ब मध्ये राहतात. मधली भिंत पाडून दोन्ही घरं एक करायचा आराखडा त्यांनी आधीच काढून घेतला होता, हे पोकळीच्या कृपेने सर्वांना ठाऊक होतं.

डीलिया ठेवणीतली टोपी घालून आली होती. कमिटीतले दातांचे डॉक्टर वाइस यांनी विचारलं, "घरात कोबी वगैरे उकडणार का? वास फार येतो."

"डॉक्टर, तुमच्याकडचा कोबी चौतीस वर्षं मीच हुंगतेय."

मी हसलो. मिसेस ट्रास्क हसल्या नाहीत. या जुन्या घरांत जेवणाच्या टेबलाखाली, गालिच्याआड एक बटण असतं. पायाने दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजते. ती वाजली. डीलिया ताडकन उठली अन् दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेलीसुद्धा. मग थबकली.

"अगं, बस, बस!" मिसेस ट्रास्क गोड आवाजात म्हणाल्या. "तुझ्यासाठी नव्हती ती."

वाइस रुमालात खिंकाळले. डीलियाची मान लाल झाली. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी सगळ्या मोलकरणींना सुटी असते. घंटी ऐकायला स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

ती गेल्यावर मिसेस ट्रास्क म्हणाल्या, "बघितलंत ना? बिचारीला इथे अवघडल्यासारखं होईल. तिच्याच भल्यासाठी म्हणते मी."

चार हात नकाराला वर गेले. माझा गेला नाही, पण तोंडही उघडलं नाही. चिटणीस मी, पत्रावर सही माझी.

दुसऱ्या दिवशी डीलिया पत्र घेऊन माझ्या दारात.

"कारण काय, मिस्टर पेल?"

"सांगता येत नाही, डीलिया."

"सही तुमचीच ना?"

"हो."

"अक्षर छान आहे तुमचं," ती म्हणाली आणि मागच्या, नोकरांच्या लिफ्टकडे वळली. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

ती ब्राँक्समध्ये बहिणीकडे, दोन खोल्यांत राहायला गेली. मिसेस ट्रास्क यांनी घर मागितलं. तिने वकिलाकरवी कळवलं, तुम्हाला विकणार नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांना कमिटी होकार देत नाही. सहा-अ ला कुलूप आहे. महिन्याचा खर्च ती वेळेवर भरते, त्यामुळे कुणाला काही करता येत नाही.

काल लिफ्टमध्ये मिसेस ट्रास्क यांनी माझा दंड धरला. "बंद घर इमारतीला शोभत नाही हो. तुम्ही समजवा ना तिला. तुमचं ऐकते ती."

मी दंड सोडवून घेतला. माझा मजला नववा; मी चौथ्यावरच उतरलो आणि जिना चढत गेलो.