खोट नसलेलं पाळणाघर

कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून उजेडासमोर सरकत जायच्या आणि जिच्यात बुडबुडा असेल, केसाएवढी चीर असेल, ती बाटली ही बरोबर उचलून बाजूला टाकायची. आई भिंग म्हणून मुलगी भिंगरी. पोरही नावाला जागणारी. दिवसभर घरभर गरगर, आणि तोंडाची टकळी झोपेतसुद्धा बंद नाही.

आजवर भिंगरीला सासूबाई सांभाळत. धाकट्या जावेला बाळ झालं आणि त्या तिकडे गेल्या. आईने पोरीसाठी काढलेली रजा संपत आलेली, आणि पोरीला ठेवायचं कुणाकडे?

एका पाळणाघराच्या खिडकीला गज नव्हते. दुसरीकडची बाई मुलांकडे पाठ करून फोनवर गप्पा मारत होती. शाळेमागे एक ताई घरीच मुलं सांभाळत. त्यांच्या घरात तर नुसता बाजार भरलेला: खडूने रेघोट्या मारलेल्या भिंती, खुर्च्या उलट्या घालून केलेली आगगाडी, आणि एका पोराच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. “पडला मघाशी,” ताई सरळ म्हणाल्या. “त्याच्या आईला कळवलंय.” तिने तिथूनच पाय मागे घेतला.

“पाळणाघर शोधतेयस की पोरीसाठी नवरा?” बस चालवून दमून आलेला नवरा म्हणाला.

“हसा तुम्ही. पोर काय बाटली आहे, फुटली तर दुसरी घ्यायला?”

शेवटी एक सापडलं. फरशी आरशासारखी, पिशव्या एका उंचीवर टांगलेल्या, मुलं भिंतीला टेकून ओळीने बसलेली. टाचणी पडली तरी ऐकू यावं इतकं शांत. तिने कानाकोपरा धुंडाळला. एक डाग सापडेल तर शपथ. “आमच्याकडे मुलं रडत नाहीत,” तिथल्या बाई म्हणाल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

खरंच, भिंगरी रडली नाही. रडत गेली नाही, रडत आली नाही. आईने हे पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांना कौतुकाने सांगितलं. घर जरा गप्प गप्प झालं होतं, पण पोर दमत असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

मग एका संध्याकाळी भिंगरीच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. कुणी ब्रसुद्धा काढला नव्हता. पोर आपणहून भिंतीशी गेली, मांडी घालून बसली आणि ओठांवर बोट ठेवलं.

“अरे वा, शहाणी झाली की,” नवरा म्हणाला.

“भिंगरी, असं का बसलीस गं?”

पोरीने बोट जरासं उचललं. “आता बोलू?”

नवऱ्याचं हसू ओठावरच राहिलं. पाळणाघर निवडताना आईने फरशी पाहिली होती, भिंती पाहिल्या होत्या. ओळीने बसलेल्या मुलांपैकी एकाचाही चेहरा पाहिला नव्हता. खोट दिसली नाही की माल चांगला, ही पट्ट्यावरची सवय ती पोरीच्या बाबतीतही घेऊन गेली होती. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

ताईंच्या दारात पुन्हा उभं राहायला तिला शरम वाटली. ताईंनी मागचं काही काढलं नाही. जेवते काय, झोपते कशी, एवढं विचारलं. मग म्हणाल्या, “घाबरते कशाला?”

महिन्यापूर्वी तिने छाती फुगवून ‘कशालाच नाही’ म्हटलं असतं.

“हल्ली बोलायला घाबरते,” ती म्हणाली.

ताईंनी भिंगरीचा हात धरून तिला आत नेलं. आई मात्र खिडकीखाली उभीच राहिली. आत गलका चालला होता, पण त्यात आपल्या पोरीचा आवाज काही लागेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ती रोज कामावर उशिरा पोचायची आणि मुकादम कुरकुरायचा. इथेही आपली निवड चुकली असेल तर?

पुढच्या आठवड्यात ती अशीच कान देऊन उभी होती. कारखान्याचा भोंगा वाजून गेला होता.

“ए, सोड खुर्ची. मी बसणार पुढे. मी आधी आले.”

भिंगरी कुणाशी तरी कडाकडा भांडत होती. आईने पदराने डोळे पुसले, आणि आणखी थोडं भांडण ऐकून मग कामावर गेली.