मड्डमची सतार आणि दादाची मोट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या भागात ताप आला की अंगारा आधी आणि औषध मागून... त्यावरून मी सोयऱ्याधायऱ्यांशी इतका भांडलोय की दोन घरांत माझं जाणंयेणं बंद आहे. तरी अशा अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसलोय. कारण ही गोष्ट माझ्याच मळ्यात, भर दुपारी, माझ्या हातून घडली.

वाशीमकडे किन्हीराजा म्हणून गाव आहे. गावाला लागून आमचा मळा. वांगी, मिरची, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) पिकवायचं आणि शेलूबाजारला नेऊन विकायचं, हा आमचा पिढीजात उद्योग. विहिरीवर मोट होती आणि ती माझा थोरला भाऊ हाकायचा. त्याला मी दादा म्हणे.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. मोट ओढताना बैल विहिरीपासून उतारावर खाली जातात. त्या उताराला धाव म्हणतात. मोट वर येऊन रिकामी झाली की बैलांना त्याच धावेवरून उलट्या पावलांनी परत चढावं लागतं. कुठल्याही बैलाला हे आवडत नाही. म्हणून हाकणारा गातो, आणि बैल खाली पोचले की गाण्याच्या शेवटी सुराची एक लांब ओढ घेतो. ती ऐकली की बैल मागे सरतात. प्रत्येकाची ओढ निराळी, आणि बैल ओळखतात फक्त आपल्या माणसाची.

दादाची ओढ अशी होती की वाटेनं जाणारे थांबत. वरून सूर घसरत यायचा आणि मध्येच पुन्हा उचलला जायचा... लिहून काय कळणार!

मी मिशनच्या शाळेत शिकत होतो. तिथल्या मड्डमबाई प्रार्थनेला गिटार वाजवत. माझी आवड पाहून त्यांनी मला थोडं शिकवलं आणि मायदेशी परत जाताना ती गिटार मलाच देऊन टाकली. गावानं तिचं नाव ठेवलं मड्डमची सतार. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसून मी दादाचं गाणं तारांवर काढायचो. गाणं यायचं, ओढ काही यायची नाही. दादा वरून चिडवायचा, "काय बे नामा, तुही मड्डम मुकी हाय काय? पाह्य, बैलं कसे हासून राह्यले!"

मग मानमोडीची (म्हणजे इन्फ्लुएंझाची) साथ आली. सकाळी दादा मोटेवर होता, अंग मोडून आलं म्हणून घरी आला तो पुन्हा उठलाच नाही. त्याचे बैल दुसऱ्या कुणाच्या हाकेला मागे सरेनात. बापानं त्यांना विकून टाकलं. गिटार मी आढ्याला टांगली आणि त्यानंतर वर पाहिलं नाही.

वर्षं गेली. बाप गेला, माझं लग्न झालं, लेक लग्नाला आली. मोटेवर सखाराम नावाचा गडी ठेवला. तो भला माणूस, पण गळा म्हणजे फुटका डबा. तो गात नसे. जिभेनं टॉक् टॉक् करी आणि कासरा ओढी. बैलही नवे, आदल्या वर्षीच शेलूबाजारला घेतलेले.

त्या सुमारास मायनं अंथरूण धरलं. डॉक्टरनं मान हलवली. एका सकाळी मी तिला पेज भरवत होतो तर ती म्हणाली, "नामा, मले त्याचं तोंड दिसते रे. आवाजच आठवत नाई. लय आठवून पायलं... गेला तो आवाज."

मी सांगायला गेलो, दादाचा आवाज कसा होता. आणि मलाही आठवेना! गाणं आठवलं, शब्द आठवले, पण ती ओढ साफ पुसली गेली होती. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन लहान पोरासारखा रडलो.

गिटार खाली उतरवली. तारा गंजून तुटलेल्या. अकोल्याहून सतारीच्या तारा आणून बसवल्या. वाशीमला नाटक मंडळीतले एक म्हातारे सतारिये राहत, त्यांच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन बसू लागलो. हे काय वाद्य म्हणून आधी ते हसले, मग मींड शिकवली. तार दाबून बाजूला ओढायची, म्हणजे सूर माणसाच्या गळ्यासारखा घसरतो. मड्डमबाईंना हे ठाऊक नव्हतं. कुदळ धरून राठ झालेली माझी बोटं वळत नसत. लाकडं वाजवावीत तसं वाजे. बायको म्हणे, "लेकीचं लगन करायचं सोडून तुमी तारा काहून उपटून राह्यले?" तिनं दादाला पाहिलेलंही नव्हतं.

सहा-सात महिने प्रॅक्टिस चालली. गाणं बरं येऊ लागलं. ओढ मात्र नाही. इकडे माय रोज थोडी थोडी विझत होती.

उन्हाळ्यात घरात तिला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून दुपारी तिची बाज मळ्यातल्या आंब्याखाली आणत असू. त्या दिवशी सखाराम मोट हाकत होता. मी थारोळ्यावर बसून दादाचं गाणं वाजवत होतो. शेवट आला की एक ओढ घ्यायची, ती चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. बैल आपले सखारामच्या टॉक् टॉक् वर चालले होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मग एकदा बैल खाली पोचले. मी तार जरा जास्त ओढली, सोडता सोडता पुन्हा उचलली... आणि बैल मागे सरू लागले.

सखारामनं कासरा हातातून टाकला होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, म्या काईच नाई म्हनलं."

माझी बोटं थांबली नाहीत. मोट भरली, बैल निघाले, खाली पोचले. मी तीच ओढ घेतली. बैल मागे आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. आणि आता ओढ मी घेत नव्हतो हो! बोटं माझी होती, पण सूर कुठे वळणार ते मला तो वळल्यावर कळत होतं. दादा होता तो. मी ढसाढसा रडत वाजवत होतो. पाट भरून वाहत होता, सखाराम बाजूला हात जोडून उभा होता.

मायनं मान वळवली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून वाक्य निघालं नव्हतं.

"नामा, पुरे कर आता," ती म्हणाली. "लय येळ झाला मोट हाकून राह्यला तो. सोड त्याले. जेवू दे."

मी थांबलो. बैल धावेच्या खालच्या टोकाला होते, तिथंच उभे राहिले. मायजवळ बसलेल्या बायकोनं ताट वाढून आणलं, भाकर, झुणका, कांदा, आणि थारोळ्यापाशी ठेवलं. माय ताटाकडे बघत बघत झोपली. संध्याकाळी ती भाकर सखारामनं बैलांना चारली.

त्याच आठवड्यात माय गेली.

नंतर मी तीच ओढ त्याच जागी बसून, त्याच बैलांपुढे खूपदा वाजवली. आता ती मला बिनचूक येते. बैल कानही हलवत नाहीत. सखारामनं नकळत टॉक् केलं असेल, असं एक मास्तर म्हणाले. असेल. पण मग तो लेकराची शपथ घेऊन 'नाही केलं' असं का म्हणतो? आणि ते बैल तर दादानंतर किती वर्षांनी जन्मलेले! उत्तर शोधायचं मी सोडून दिलंय.

कधी कधी मात्र मायचा रागच येतो. इतक्या वर्षांनी दादा हाती लागला होता, मी त्याला अंधार पडेपर्यंत सोडला नसता. मला फक्त दादा ऐकू येत होता. तिला तो दमलेला ऐकू आला.