जावईबापूंचे बूट आणि भाजणी

मराठी माणसं परगावी एकत्र डबा खायला लागली की किस्से आपोआप साचतात. कोलकात्यातल्या सेक्टर फाइव्हच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघंच मराठी, पण निम्मे किस्से एकट्या निखिलचे. आणि त्यातले निम्मे त्याच्या बुटांचे.

हे बूट सासऱ्यांनी दिवाळीत दिलेले. अस्सल लेदर, तपकिरी. सासरे फौजेतून रिटायर झालेले. ते जावयाचे आधी बूट बघतात, मग चेहरा. आणि ते पुढच्या आठवड्यात कोलकात्याला येणार होते.

* * *

नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात कँटीनमध्ये फिश फ्राय खाताना निखिलने कासुंदीची अख्खी वाटी उजव्या बुटावर उपडी केली. पिवळीधमक मोहरीची चटणी, वर तेलाचा तवंग.

आमचे टीम लीड सेनदा हळहळले. "इश! इतना अच्छा कासुंदी!"

बुटाबद्दल कुणालाच काही वाटलं नाही.

* * *

मृणालने, म्हणजे निखिलच्या बायकोने, आईला फोन केला. "बाबांना सांगू नकोस हं," हे आधी.

आईने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "भाजणी दाबून ठेव रात्रभर. तेल ओढून घेते."

थालीपिठाची भाजणी! पण खरंच, सकाळी तेल गायब. पिवळा डाग मात्र तसाच, आणि बुटाला धणे-जिऱ्याचा असा काही खमंग वास की मेट्रोत शेजारच्या काकूंनी निखिलला विचारलं, "टिफिन में क्या है?"

निखिल म्हणाला, "पाय."

काकू पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेल्या.

* * *

सेनदांकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर होमिओपॅथी असते. त्यांनी ड्रॉवरमधून औषध बनवायच्या स्पिरिटची बाटली काढली. "दो बूंद, बस."

निखिलने घाबरून निम्मी बाटली ओतली. डाग गेला. सोबत बुटाचा रंगही गेला. आता चवड्यावर पांढुरका चट्टा, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.

सेनदांनी चष्मा सरकवून पाहणी केली. "अरे बाबा, होमिओपैथी में कम डालने से ही ज़्यादा काम करता है."

* * *

मग पाऊस पडला. सॉल्ट लेकमध्ये घोट्यापर्यंत पाणी, बूट सुकल्यावर त्यावर मिठासारख्या रेषा. मी वाचलं होतं की व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पुसायचं. निखिलने व्हिनेगर चाउमिनच्या गाडीवरून आणलं. त्यात हिरव्या मिरच्या तरंगत होत्या.

रेषा गेल्या, हे मान्य करायला हवं. पण बूट पुसून झाल्यावर पठ्ठ्याने त्याच हाताने डोळे चोळले. सबंध दुपार तो रडत होता आणि एचआरवाली येऊन विचारून गेली, "घर पे सब ठीक?"

* * *

सासरे यायच्या दिवशी हावड्याला मीही गेलो. धीर द्यायला, असं त्याला सांगितलं. खरं म्हणजे मजा बघायला. निखिल फ्लोटर्स घालून आला होता. चट्टा लपवायचा प्रयत्न त्याने सोडून दिला होता आणि चेहरा पार उतरला होता. मला खरंच वाईट वाटलं त्याचं.

सासरे गाडीतून उतरले. ताठ मान, तपकिरी बूट, जावयाला दिले तसेच. नजर थेट निखिलच्या पायांवर.

"बूट कुठे आहेत?"

वेळ काढायला निखिल नमस्काराला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मला वाटलं, कंबर धरली.

मग तो सावकाश उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होता.

"घरी आहेत, बाबा. भाजणीत ठेवलेत."

सासऱ्यांनी उजवा पाय किंचित मागे घेतला. त्या बुटाच्या चवड्यावरही पांढुरका चट्टा होता. हमालाकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "रात्रभर राहू द्या. फक्त स्पिरिट लावू नका."