वाट्यावरची चिठ्ठी

पनवेलच्या मासळी बाजारात आई मासे विकायची आणि मी तिच्या मागे खोक्यावर बसून परदेशी शिकायला जायच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. इंग्रजी शब्दांची लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करायची होती. त्यासाठी केलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूला मी मूळ लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. आई चौथी शिकलेली. गिऱ्हाईक नसलं की ती चिठ्ठी माझ्यासमोर धरायची. मूळ मला दिसायचं, अर्थ तिला. चुकले की असे डोळे वटारायची, जशी मी कुणाला शिळी मासळीच विकली!

चिठ्ठ्यांचेही ती कोलंबीसारखे वाटे लावायची. दहाचा एक वाटा, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला घालतात तशी वर एक. ती वरची रोज एकच असायची: ‘टेली’, म्हणजे दूर.

“ही येते गं मला! दुसरी घाल,” मी चिडायचे.

“येऊ दे. पुन्ना सांग.”

परदेशी निघताना त्या चिठ्ठ्या मी घरीच ठेवल्या. त्यांना मासळीचा वास यायचा, म्हणून. इतकी अक्कल होती मला! तिकडे त्याच वासासाठी जीव तुटायचा.

दर रविवारी फोनवर आई एक वाटा घ्यायची. ती अर्थ वाचायची, मी मूळ सांगायचे. दहा झाल्या की थांबायची. एकदा न राहवून मी विचारलं, “वर एक नाही घालत हल्ली?”



“ती काढून ठेवलीय. आता मलापन पाठ झाली.”