शीळफाट्यावरच्या बाईचा ब्लाउज

“बाई कुठंय?” मी विचारलं.

“ती नाहीये,” आगाशेकाका म्हणाले.

मी ब्लाउजपीस उलगडून बघितला. मोरपंखी, चांगलं कॉटन. “मग मापाला जुना ब्लाउज द्या.”

“जुना नाही. तिचा हा पहिलाच.”

“लहान आहे का?”

“बेचाळीस वर्षांची आहे.”

मला वाटलं, आजपर्यंत पंजाबी ड्रेसच घालत असेल. तसं मी म्हटलंसुद्धा. पुरुष गिऱ्हाईक आलं की मी टेपकडे बघून बोलते, त्यामुळे काकांचा चेहरा मला दिसला नाही. ते म्हणाले, “सुरेखाताई, ती जन्माला आलेली नाही. ती माझ्या कथेत आहे.”

मानपाड्याला माझा छोटा गाळा आहे. एक मशीन, इस्त्रीचं टेबल, एक स्टूल. सोळा वर्षं मी ब्लाउज शिवतेय. बाळंतीण झाली, नवरी झाली, प्लास्टर घातलेला हातही झाला. कथेतली बाई पहिल्यांदाच आली.

काका मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. रिटायर झालेत. दरवर्षी एका दिवाळी अंकात त्यांची कथा येते. गेल्या वर्षी आली नाही, कारण लिहून झाली नाही. या वर्षीही तसंच व्हायला लागलं होतं. संपादकांनी सांगून टाकलं होतं, शुक्रवारपर्यंत कथा द्या, नाहीतर यापुढे तुमच्यासाठी पानं ठेवणार नाही. त्या दिवशी सोमवार होता.

“लिहायला बसलो की डोकं बंद,” काका म्हणाले. “म्हणून ठाण्याला एक वर्कशॉप केलं. तिथल्या सरांनी व्हिज्युअलायझेशन शिकवलं. म्हणजे डोळे मिटायचे आणि पात्राला समोर उभं करायचं. स्पष्ट. मग ते आपोआप चालायला लागतं.”

“मग?”

“मी कुंदाला उभं केलं. ती उभीच आहे. शीळफाट्याच्या स्टॉपवर. तीन आठवडे झाले.”

कुंदा म्हणजे ती बाई. राहते कोपरीत, एकटी. कल्याणला भाऊ असतो. सात वर्षं बोलणं बंद. आता ती त्याच्याकडे निघालीय, शीळफाट्याला बस बदलायची आहे. बस येते, ती चढत नाही. दुसरी येते, चढत नाही.

“सरांना फोन केला. ते म्हणाले, पात्राची एखादी वस्तू हातात घ्या. मग ते खरं होतं. म्हणून हा ब्लाउज. लगेच शिवा.”

वेडेपणा होता. पण काकांचा आवाज रडवेला होता, आणि मला नाही म्हणता येत नाही. मी वही उघडली, वर ‘कुंदा’ लिहिलं.

“छाती सांगा.”

काका लाजले. मीही. शेवटी ते म्हणाले, “ती या स्टुलापाशी उभी आहे असं समजा ना.”

खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. नसलेल्या बाईशी बोलायला लाज वाटत नाही. मी स्टुलापाशी गेले, म्हटलं, “ताई, हात जरा वर करा.” हवेत टेप गुंडाळला. काका डोळे मिटून सांगायला लागले, “थोडा सैल. अजून. हां, बस.” छत्तीस आले. दंडाचं माप विचारलं तर त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल करून दाखवला. मी त्या गोलात टेप घातला. दहा.

मुंढा घेत होते, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात तो घेर, तेवढ्यात आगाशेकाकू आल्या. त्यांची साडी फॉल-बिडिंगला होती.

“काय चाललंय?”

काका डोळे मिटून उभे. मी हवेत टेप धरून उभी. दोघांच्या मध्ये कोणी नाही.

“माप घेतेय, काकू.”

“कुणाचं?”

“कुंदाचं,” काका डोळे न उघडता म्हणाले.

काकूंनी माझी वही ओढून घेतली. “छत्तीस, दंड दहा. अहो, जी नाहीये तिचा दंड तुम्हाला ठाऊक आहे. माझं माप काय हो?”

काकांनी डोळे उघडले. “तुझं... मध्यम.”

“मध्यम! पस्तीस वर्षांच्या संसारात मध्यम!” काकू स्टूल ओढून बसायला गेल्या.

“तिथं नको, तिथं ती आहे!” काका ओरडले. काकू चक्क दचकून उठल्या.

मला हे लवकर संपवायचं होतं. मी विचारलं, “हुक पुढून की मागून?”

“मागून,” काका म्हणाले. “मागून छान दिसतात.”

“घरी कोण आहे तिच्या?”

“सांगितलं ना, एकटी.”

“मग लावतं कोण?”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मागच्या हुकांचे ब्लाउज घरात दुसरं माणूस असेल तरच शिवावेत. आपले हात वरच्या हुकापर्यंत पोचत नाहीत. पोचले तरी घाईत तो अर्धवट अडकतो.

“बोला की आता,” काकू म्हणाल्या. “शेजारीण येते का रोज सकाळी?”

काका फक्त तोंडाकडे बघत होते. एकदा माझ्या, एकदा काकूंच्या.

मी टेपकडे बघून विचारलं, “काका, तुम्ही तिला पाठीमागून बघितलंत का?”

“सरांनी समोर उभं करायला सांगितलंय.”

“मी आधी पाठ मोजते. पुढून बाई नीटनेटकी असतेच. आरशात बघून आलेली असते.”

काका हलले. मशीन आणि इस्त्रीच्या टेबलामधून अंग चोरून स्टुलाच्या मागे गेले. तिथं जागा नाही, त्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. डोळे मिटले. आम्ही दोघी थांबलो. काकूंनी पदराचं टोकही हलू दिलं नाही.

“सुटलाय,” काका म्हणाले.

“काय?”

“वरचा हुक. पहिल्या बसमध्येच सुटला. पदर खांद्यावरून ओढून घट्ट धरलाय तिनं. म्हणून चढत नाही. बसमध्ये वरचा दांडा धरायला हात उचलला तर पदर सुटेल.”

“देवा!” काकू म्हणाल्या. “तीन आठवडे तशी उभी केलीत तिला?”

“मला काय माहीत!”

“शेजारी कुणी बाई नाही का स्टॉपवर? मागून जरा लावता का म्हणायचं. कुणीही लावतं.”

“ती नाही म्हणणार,” काका हळूच म्हणाले. “ती कुणालाच काही मागत नाही. भावालाही सात वर्षं...” आणि वाक्य अर्धं टाकून ते बाहेर पडले. चप्पल उलटसुलट घातली होती. काकू ओरडल्या, “अहो, माप राहिलं!” पण ते गेले.

कथा गुरुवारी गेली. एक दिवस आधी. काकूंनीच येऊन सांगितलं.

ब्लाउजपीस मात्र माझ्याकडेच राहिला. मी काकांना निरोप पाठवला. उत्तर काकूंनी आणलं, “माझा शीव. मापं ह्यांनी घेतलीत.” चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात सगळी मापं होती. मुंढा दोन इंच चुकला होता, तो मी गुपचूप बरोबर केला. मध्यम काही नव्हत्या. हुक कुठं लावू विचारलं तर म्हणाल्या, “मागून लाव. आहेत ना घरी.”

दिवाळीत अंक आला. मला ती कथा वाचायला दोन दुपारी लागल्या. कुंदा शेवटी शेजारच्या बाईला हुक लावायला सांगते, बस पकडते, कल्याणला पोचते, भावाच्या दारात बेल वाजवायला हात वर करते. तिथं संपते. हुक लावणारी बाई मान खाली घालून बोलते आणि तिच्या गळ्यात टेप आहे. गळ्यात टेप घालून शीळफाट्याला कोण उभं राहतं? पण मी काकांना काही बोलले नाही.

हे सगळं मी मापांच्या वहीच्या मागच्या बाजूनं लिहितेय. तिथं कुणी गिऱ्हाईक बघत नाही. मधेच काही सुचलं नाही की मी उठते, स्टुलाला एक फेरी मारते आणि मागून बघते. पुढच्या बाजूचं ते पान मात्र तसंच ठेवलंय. कुंदा, छाती छत्तीस, दंड दहा, मुंढा नाही. आता कोणी मागून हुक मागितले की मी आधी घरी कोण आहे ते विचारते, मगच कापडाला कात्री लावते.