नकाशावरची वर्तुळं

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. परदेशात, ब्युमॉन्टमधल्या एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मी शिकता शिकता काम करायचो. हे आयरिश आजोबा रोज दोन चहा घेत, एक वॉर्डातल्या बायकोसाठी. मग नकाशा पसरून जानेवारीतल्या मोटारसायकल सहलीची आखणी करत. दर तीस मैलांवर पेन्सिलीचं वर्तुळ.

“एवढ्या थंडीत? उन्हाळ्यात जायचं ना.”

“उन्हाळ्यापर्यंत ती नसेल, पोरा. वर्तुळ दिसलं की चहा. मागे बसून तिचे हात गारठतात.”

जानेवारीत ते आले. सवयीने मी दोन कप ठेवले. एक त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवला आणि नकाशा उघडून वर्तुळं खोडू लागले.

“एकट्याला इतकं थांबावं लागत नाही.”

तो कप मी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.