नवशिक्यांच्या वर्गातले डॉक्टर

चष्मेवाल्याला सगळी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणायची, आणि त्याने गल्लीला कधी थांबवलं नव्हतं. तसं पाहिलं तर दोष पांढऱ्या कोटाचा. वडील दुकानातच काचा घासायचे, भुकटी कपड्यांवर उडायची, म्हणून त्यांनी तो शिवून घेतला होता. वडील गेले, काचा बाहेरून तयार होऊन यायला लागल्या, भुकटी संपली. कोट मात्र राहिला. उलट याने नवा शिवला, खिशाला पेन अडकवायची पट्टी असलेला. तो कोट घालून तो गिऱ्हाइकाकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायचा, डोळ्यांत छोटी बॅटरी मारायचा आणि ‘हं’ म्हणायचा. असा ‘हं’ म्हणणाऱ्याला लोक डॉक्टर नाही तर काय म्हणणार?

हळूहळू लोक डोळ्यांबरोबर गुडघेही दाखवू लागले. कुणाला ढेकर यायचे, कुणाला झोप यायची नाही. चष्मेवाला गंभीर चेहरा करून सांगायचा, “रात्री हलकं जेवा आणि कोमट पाणी प्या.” या सल्ल्याने कुणाचं कधी वाकडं झालं नाही. बायको पैशांच्या गल्ल्यापलीकडे बसून फ्रेमचे स्क्रू पिळायची आणि लोक गेले की म्हणायची, “अहो, डॉक्टर नाही म्हणून एकदा सांगा ना त्यांना.”

“प्रेमाने म्हणतात गं. काय बिघडतंय?”

बिघडलं ते एका दुपारी. पलीकडच्या इमारतीतले ड्रायव्हरकाका नवी फ्रेम लावून बघायला आले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. आरशात बघतानाही मागून कोण येतंय हे आधी बघायचा. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. काका म्हणाले, “ही नाकावर जरा जड वाटते हो, डॉक्टर,” आणि बोलता बोलता खुर्चीवरून घसरून सरळ फरशीवर आले. आधी वाटलं, तोल गेला. पण ते उठेनात. घशातून एक विचित्र घरघर आली आणि तीही थांबली.

“डॉक्टर! अहो डॉक्टर, बघा ना!” दोन्ही गिऱ्हाइकं मागे सरकली आणि त्याला वाट करून दिली.

काकांच्या नाकावरची फ्रेम उडून खुर्चीखाली गेली होती. चष्मेवाला खाली वाकला. सगळ्यांना वाटलं, काकांकडे वाकला. त्याने फ्रेम उचलली. तिची दांडी वाकली होती. ती दोन बोटांत धरून तो सरळ करू लागला. समोर माणूस पडलाय, आपल्याला हाका मारतायत, हे सगळं त्याला कळत होतं. पण हात दांडीच सरळ करत होते, जणू ती सरळ झाली की बाकीचंही सरळ होईल.

दारातून एक बाई आत आली. रस्त्याने चालली होती, हातात भाजीची पिशवी. पिशवी तिथेच टाकून ती काकांपाशी गुडघ्यांवर बसली, त्यांचे खांदे हलवले, हाक मारली, गाल त्यांच्या तोंडाजवळ नेला. मग मान वर करून तिने थेट चष्मेवाल्याच्या बायकोकडे बोट केलं. “तुम्ही. ॲम्ब्युलन्सला फोन लावा. श्वास नाही म्हणून सांगा.” आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून ती काकांची छाती दाबू लागली. मध्ये तिने एकदा विचारलं, “कुणाला येतं का? माझे हात भरून आलेत.” तिने पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. चष्मेवाल्याने मान खाली घातली. तिने परत दाबायला सुरुवात केली.

ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या लोकांनी काकांना यंत्र लावलं, स्ट्रेचरवर घेतलं. त्या गडबडीत बाई सांडलेले टोमॅटो गोळा करून निघूनही गेली, दोन्ही गिऱ्हाइकंही पांगली. शेजारचा चपलांचा दुकानदार धावत आला तेव्हा त्याला एवढंच दिसलं की काकांना गाडीत चढवतायत आणि शेजारी पांढऱ्या कोटातला माणूस घामाने थबथबून उभा आहे. त्याने जे जोडायचं ते जोडलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर करून टाकलं.

काका वाचले. दवाखान्यातून घरी आले, चार पावलं चालायला लागले, तसे मुलीचा हात धरून पहिले दुकानात आले. मुलगी बालवाडीत शिकवायची. तिने चष्मेवाल्याचे दोन्ही हात हातांत घेतले. काका म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून मी आहे. मला तर काही आठवत नाही, पण सगळ्यांनी सांगितलं.”

हीच वेळ होती. चष्मेवाल्याने तोंड उघडलं आणि त्यातून, जणू पाठ करून ठेवल्यासारखं, वाक्य बाहेर पडलं, “अहो, त्यात काय एवढं! माणसाने माणसासाठी एवढं तरी करायलाच हवं.”

गल्ल्यामागे स्क्रू पिळणारा हात थांबला. बापलेक गेल्यावर बायकोने मान वर न करता विचारलं, “एवढं म्हणजे केवढं?”

त्या प्रश्नाने त्याला पोखरलं. बायको परत काही बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. भांडली असती तर त्याला उलट भांडता आलं असतं. कोट अंगावर चढवताना त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. कुणी ‘डॉक्टर’ म्हटलं की कानशिलं तापायची. खरं सांगण्याची हिंमत नव्हती. मग त्याने स्वतःशी एक तडजोड केली: आधी शिकून घेऊ. एकदा आलं की आपण अगदीच खोटे उरणार नाही.

पण शिकायचं कुठे? शेजाऱ्याला विचारावं तर तो म्हणणार, तुम्हाला कशाला शिकायला हवं? चोरासारखा मोबाइलवर शोधून त्याने पहिलाच दिसलेला प्रथमोपचाराचा वर्ग पकडला. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, थंडगार हवा. एक टाय लावलेला तरुण पडद्यावरची चित्रं वाचून दाखवत होता. छाती दाबायच्या सरावाचा बाहुला पुढे टेबलावर झोपवलेला, अजून प्लास्टिकमध्ये. शेवटी एकाने जवळ जाऊन बोट लावलं तर तरुण ओरडला, “हात लावू नका, नवीन आहे!” सगळ्यांना चहा आणि चकचकीत प्रमाणपत्र मिळालं.

ते त्याने घरी बायकोपुढे ठेवलं. तिने वाचलं, हात पुसले आणि स्वयंपाकघरातच फरशीवर आडवी झाली. “बरं. मी पडले. आता?”

तो गुडघ्यांवर बसला. दाबायचं नाहीच, नुसते हात कुठे ठेवायचे तेवढं दाखवायचं होतं. हात पोटावर गेले, तिथून गळ्याशी आले, परत खाली गेले. “चित्रात बाण होता,” तो पुटपुटला.

“उठू का?” तिने डोळे मिटूनच विचारलं. “की गेलेच समजायचं?”

त्याला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी डोळे भरून आले. बायको उठून बसली. “अहो, पोहणं काठावर बसून येत नाही. पाण्यात उतरवतील असं ठिकाण शोधा.”

आता तो फोन करून खोदून खोदून विचारू लागला. एका ठिकाणी सगळं घरबसल्या मोबाइलवर होतं. ते त्याने सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणी दवाखान्यात काम करणाऱ्यांची उजळणी होती, तिथल्या बाईने सुरुवातीलाच इतके अवघड शब्द टाकले की त्याने ‘पुन्हा करतो’ म्हणून फोन ठेवून दिला. तिसरा फोन अग्निशमन केंद्रात लागला. निवृत्त जवान होता, आवाज ढोलासारखा.

“तुमच्याकडे बाहुल्याला हात लावू देतात का?” चष्मेवाल्याने विचारलं.

“लावू देत नाही, लावायलाच लावतो. दोघांत एक बाहुला. एक दाबतो, दुसरा चुका काढतो. मग उलट. आणि मी दोघांच्याही काढतो. गुडघे कसे आहेत तुमचे?”

“जरा कुरकुरतात.”

“मग जाड कपडा आणा खाली घ्यायला. जमिनीवरच असतं सगळं. माणसं टेबलावर पडत नाहीत.”

“आणि... काहीच येत नसेल तर?”

“त्यांच्यासाठीच आहे हो! थोडं येतं म्हणणारेच जास्त ताप देतात. नाव सांगा.”

रविवारी सकाळी तो साध्या सदऱ्यात, काखेत घडी केलेली सतरंजी घेऊन केंद्राच्या हॉलमध्ये शिरला. जमिनीवर बाहुले पहुडले होते, हजारदा दाबून दाबून छाती मळकट झालेले. भिंतीला लागून दहाएक माणसं उभी होती. त्यांतून एक ओळखीचा आवाज आला, “अय्या, डॉक्टर! तुम्ही इथे?”

काकांची मुलगी. बाबांचं तसं झाल्यापासून तिने ठरवलंच होतं म्हणे, आपणही शिकायचं. घरात बाबा, बालवाडीत पोरं. ती हौसेने सगळ्यांकडे वळली. “यांनीच माझ्या बाबांना वाचवलं. दुकानात बाबा पडले, श्वास बंद, आणि यांनी...” तिने हवेतच छाती दाबल्यासारखं करून दाखवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

जवान खूश झाला. “मग काय! साहेब, या पुढे. खऱ्या माणसावर केलंय तुम्ही, आमचा तर रबराचा आहे. दाखवा यांना.”

चष्मेवाल्याच्या काखेतली सतरंजी खाली पडली. पळून जावं असं त्याला वाटलं, आणि खरंच तो दाराकडे दोन पावलं गेलाही. दार उघडंच होतं. पण मुलगी त्याच्याकडे अशा विश्वासाने बघत होती की पाय पुढेही जाईनात. तो परत येऊन बाहुल्यापाशी बसला. दोन्ही हात बाहुल्याच्या छातीवर नेले.

“मला येत नाही,” तो म्हणाला. मग कुणी काही विचारायच्या आत, बाहुल्याकडेच बघत, “मी डॉक्टर नाही. चष्मे विकतो. त्या दिवशी मी काहीच केलं नाही. रस्त्यावरून एक बाई आली, तिने केलं सगळं. मी... मी फ्रेम सरळ करत होतो.”

बाहेर कुणीतरी पाण्याचा बंब धूत होतं, तेवढा आवाज.

“फ्रेम?” मुलीने विचारलं.

“त्यांच्या चष्म्याची.”

तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. जवान बाहुल्यापाशी येऊन बसला. त्याने ना धीर दिला, ना टोमणा मारला. “बरं,” एवढंच म्हणाला. “हात आणखी खाली. छातीच्या मधोमध, त्या हाडावर. कोपरं ताठ. आता जोर लावा. अहो, पीठ मळताय का? सगळं अंग वापरा! आणि दाबलं की सोडा पूर्ण, छाती वर येऊ द्या.”

चष्मेवाला दाबत राहिला. खांदे भरून आले, सदरा पाठीला चिकटला. त्या बाईने हे ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकटीने केलं होतं, मध्ये मदत मागितली होती, आणि आपण मान खाली घातली होती. हे त्याला आत्तापर्यंत नुसतं आठवत होतं. आता दंडांत कळत होतं.

जोड्या लावताना शेवटी तो आणि मुलगी, दोघंच उरली. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते एकमेकांवर करायचं होतं. तो आडवा झाला. तिने त्याचा गुडघा धरून त्याला इतक्या जोरात वळवलं की तो जवळजवळ पालथाच झाला.

“ताई, माणूस आहे तो, गादी नाही,” जवान ओरडला.

तिने परत केलं, या वेळी नीट. त्याची हनुवटी वर उचलताना तिने हळूच विचारलं, “ती बाई कोण होती?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीत?”

“नाही.”

तिने त्याची हनुवटी सोडली. मग म्हणाली, “बाबांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. आजच.”

तो तसाच, घामेजलेल्या सदऱ्याने, तिच्यामागे गेला. काका खिडकीशी बसले होते. त्याने दारातच, बसायच्या आधी सांगून टाकलं. बसलो तर सांगणं होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. काका ऐकत राहिले. रागावले नाहीत. फक्त चेहरा उतरला, आणि ते बघणं रागापेक्षा जड गेलं.

“अरे, मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो,” ते म्हणाले. इतकी वर्षं ते त्याला अहो-जाहो करायचे, ते आज गेलं. “डेपोतल्या जुन्या मंडळींना सांगितलं. खाली बाकावर रोज सांगतो. ते कंटाळले, पण मी सांगतो.”

“चुकलं माझं, काका.”

“पडलो तेव्हा तुझी गाळण उडाली, ते मी समजू शकतो. गाडी अंगावर आली की भलेभले ब्रेक विसरतात. पण नंतर आभार मानायला मी दुकानात आलो होतो ना रे, माझ्या पायांनी. तेव्हा कोण पडलं होतं?”

मुलगी पाणी आणायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.

काकांनी काठी घेतली. “चल खाली. मी बोललेले शब्द मी परत घेणार नाही, माझ्याच्याने व्हायचं नाही. तूच सांग त्यांना.”

जिने उतरायला त्यांना वेळ लागत होता. चष्मेवाल्याने हात पुढे केला, काकांनी तो धरला नाही. कठड्याला धरून उतरले. खाली बाकावर तीन म्हातारे बसले होते. “या, डॉक्टर!” एकाने सरकून जागा केली. काका त्या जागेवर स्वतः बसले. “ऐका,” ते म्हणाले, “याला काही सांगायचंय.”

चष्मेवाल्याने उभ्यानेच सांगितलं. थोडक्यात, पण काही न गाळता; फ्रेमसुद्धा गाळली नाही. पहिला म्हातारा काठीच्या मुठीकडे बघत बसला, दुसऱ्याने उगाच चष्मा काढून पुसायला घेतला.

तिसरा, टोकाला बसलेला, कानाला हात लावून पुढे झुकला. “काय म्हणतोय हा? मला काही ऐकू आलं नाही.”

कुणी मदतीला आलं नाही. चष्मेवाला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पहिल्यापासून परत सांगू लागला, या वेळी मोठ्याने.